विश्वासाचे भांडवल : वैयक्तिक व्यायाम-प्रशिक्षकाचा व्यवसाय कसा उभारावा?

8 मे 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली. त्यानंतरच्या दिवसांत जगभर जी वृत्ते प्रसिद्ध झाली, त्यांतील एक लहानसे वृत्त आमच्या विशेष ध्यानात राहिले. कार्डिनल असताना ते व्हॅटिकनजवळच्या एका व्यायामशाळेत नियमाने जात असत. तेथील तरुण प्रशिक्षक त्यांना केवळ रॉबर्ट या नावाने ओळखत होता. आपण ज्यांच्याकडून व्यायाम करून घेतो ते कार्डिनल आहेत, याची त्याला कल्पनाही नव्हती. दूरचित्रवाणीवर नवे पोप सज्जात आलेले पाहिले तेव्हाच त्याला उलगडा झाला. त्यांच्या वयाचा विचार करून, शरीराची ठेवण आणि हृदयाची क्षमता टिकून राहावी असा व्यायाम त्याने त्यांना आखून दिला होता.

समोर कोण उभा आहे, त्याचे पद काय, हे त्या तरुणाने पाहिले नाही. साठी ओलांडलेल्या एका गृहस्थाच्या शरीराला काय हवे आहे, एवढेच पाहिले. आमच्या मते या व्यवसायाचे सारे मर्म त्यात सामावलेले आहे.

हे आज सांगण्याचे निमित्त मात्र घराजवळचे आहे. काही दिवसांपूर्वी एक माता धर्मग्राम कार्यालयात आल्या. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, "फादर, पोरानं चांगली नोकरी सोडली. लोकांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवणार म्हणतो. एवढं शिकवलं ते ह्यासाठी का?" आम्ही त्यांना धीर दिला, पण त्यांच्या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. वसई परिसरातील आपल्या अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे. तरुणांना हा मार्ग खुणावतो आहे आणि पालकांना त्याची धास्ती वाटते आहे. म्हणून या व्यवसायाची नीट ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

व्यवसायाचे स्वरूप

शरीरसाधना आपल्या समाजाला नवी नाही. महाराष्ट्रात तालमी होत्या, आखाडे होते, मल्लखांब होता. तेथील वस्ताद शिष्याकडून सहसा ठरलेली फी घेत नसे. त्यामुळे व्यायाम शिकविण्याचे पैसे घ्यावेत, ही कल्पनाच जुन्या पिढीला खटकते. पुढे शारीरिक शिक्षणाला शास्त्राची बैठक मिळाली. या कार्यात ख्रिस्ती संस्थांचाही वाटा आहे. हॅरी क्रो बक यांनी 1920 साली मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि तेथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक देशभरातील शाळांत गेले.

वैयक्तिक प्रशिक्षक हा त्याच परंपरेचा आजचा दुवा होय. तो एका वेळी एकाच व्यक्तीला, फार तर दोघांना, त्यांच्या प्रकृतीनुसार व्यायाम शिकवितो. कुणी मोठ्या व्यायामशाळेशी करार करून तेथे शिकवितो, कुणी घरोघर जातो, कुणी स्वतःची छोटी जागा घेतो, तर कुणी इंटरनेटवरून परगावच्या व परदेशच्या लोकांना शिकवितो.

पालकांनी एक गोष्ट आठवून पाहावी. आपल्या वाडवडिलांनी वसईची केळी, भाजी, पाने, फुले आणि दूध पहाटेच्या गाडीने मुंबईला नेले. ठरलेल्या दारी, ठरलेल्या वेळी रतीब घातला. पाऊस असो वा थंडी, दूधवाल्याने खाडा केला नाही म्हणून गिऱ्हाईक टिकले, आणि मापात पाप केले नाही म्हणून त्याच गिऱ्हाइकाने शेजारचे घर मिळवून दिले. घरोघरी जाणाऱ्या प्रशिक्षकाचा व्यवसाय हा मुळात असाच रतीब आहे. त्यात कमीपणा कसला?

गरज कुणाला आहे?

एके काळी आपल्या माणसांना वेगळा व्यायाम करावा लागत नसे. विहिरीचे पाणी ओढणे, वाडीत खणणे, डोक्यावरून टोपल्या वाहणे यात शरीर आपोआप राबत असे. आता वाड्या आटल्या आहेत, पंप आले आहेत, आणि लोकल गाडीतून कार्यालय व कार्यालयातून घर असा दिवस जातो. जेवण मात्र बरेचसे तेच राहिले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

यावरून तरुणांनी एक धडा घ्यावा. खरी गरज चित्रपटातील नायकासारखी देहयष्टी हवी असणाऱ्या पंचविशीच्या मुलाला नाही. ती पन्नाशीच्या गुडघेदुखीला आहे, मधुमेहाला आहे, बाळंतपणानंतर पाठ धरलेल्या भगिनीला आहे, आणि मुले परदेशी गेल्यामुळे घरात एकट्या राहिलेल्या आजीला आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठता येणे, हा तिच्यासाठी मोठा विजय असतो. अशा लोकांची सेवा करण्याची ज्याची तयारी आहे, त्याला कामाची वाण पडणार नाही.

आधी विद्या, मग व्यवसाय

डॉक्टर किंवा वकील यांना कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. व्यायाम-प्रशिक्षकाला आपल्या देशात तशी सक्ती नाही. उद्या कुणीही आपल्या नावापुढे प्रशिक्षक असे लिहू शकतो, आणि अनेक जण तसे लिहितातही. या व्यवसायातील मोठा धोका हाच आहे. स्वतःचे शरीर कमावता येणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी घेता येणे ही दुसरी गोष्ट.

म्हणून मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय कुणाकडून एक रुपयाही घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात क्रीडा व तंदुरुस्ती क्षेत्रासाठी कौशल्य परिषद आहे आणि तिच्या मान्यतेचे अभ्यासक्रम चालतात. परदेशी संस्थांपैकी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन (स्थापना 1954) आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज (स्थापना 1985) यांच्या प्रमाणपत्रांना मोठा मान आहे. यांपैकी दुसऱ्या संस्थेच्या परीक्षेसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात, सीपीआरचे म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. "आठ दिवसांत प्रमाणपत्र आणि हमखास नोकरी" अशा जाहिरातींपासून मात्र दूर राहावे.

या विद्येचे महत्त्व काही साध्या उदाहरणांवरून कळेल. वजन उचलताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो. निरोगी तरुण ते सहन करतो, पण रक्तदाबाच्या रुग्णाला त्यातून अपाय होऊ शकतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर व्यायामाच्या वेळी वा नंतर फार उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे प्रशिक्षकाला ओळखता आली पाहिजेत, आणि त्याच्या पिशवीत साखर असली पाहिजे. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांना वजन घेऊन पुढे वाकण्याचे व्यायाम देणे घातक ठरू शकते. छातीत दुखू लागले तर "अजून पाचच वेळा" असे न म्हणता तत्क्षणी थांबावे लागते व मदत बोलवावी लागते.

आरंभ कसा करावा?

पहिली पायरी म्हणजे नोकरी लगेच न सोडणे. त्या मातेच्या मुलाला आमचे हेच सांगणे होते. सुरुवातीला सकाळच्या वेळी दोन-तीन व्यक्तींना शिकवावे. त्यांतील एक तरी साठीच्या पुढची असावी. सहा महिन्यांनी त्या व्यक्ती टिकून राहिल्या आणि त्यांनी आणखी कुणाला पाठविले, तर व्यवसायाला बीज धरले असे समजावे. प्रारंभी शक्य असल्यास एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करावी.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक नव्या व्यक्तीची लेखी माहिती घेणे. पार-क्यू नावाची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर येणे, चालू असलेली औषधे, हाडे व सांधे यांविषयीचे सात मुख्य प्रश्न तीत असतात. एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर अधिक चौकशी केल्याशिवाय आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल. ही माहिती सर्वस्वी गोपनीय राहिली पाहिजे. पापनिवेदनाच्या गुपिताची बरोबरी कशाशीच होऊ शकत नाही, हे खरे. परंतु एका घरातील आजार दुसऱ्या घरातील चहाच्या टेबलावर पोहोचला, तर तो प्रशिक्षक दोन्ही घरांना कायमचा मुकेल.

साहित्य फारसे लागत नाही. एक-दोन वजनांच्या डंबेल्सच्या जोड्या, रबरी पट्टे, चटई, मोजपट्टी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि एक वही एवढ्यावर काम सुरू होते. यांत वहीला आम्ही प्रथम स्थान देऊ. आज काय केले, किती केले, काय दुखले, हे लिहून ठेवणारा प्रशिक्षक तीन महिन्यांनी समोरच्याला त्याची प्रगती दाखवू शकतो.

बुरुज बांधण्यापूर्वीचा हिशेब

बुरुज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात, असा दाखला प्रभू येशूने दिल्याचे संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. शिष्यत्वाविषयीचा तो दाखला व्यवसायालाही चपखल लागू पडतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. एका सत्राचे 600 रुपये, एका व्यक्तीची महिन्याला 12 सत्रे आणि अशा सहा व्यक्ती, असे धरू. महिन्याला 72 सत्रे होतात आणि जमा 43,200 रुपये दिसते. तरुण येथेच थांबतो आणि नोकरीचा राजीनामा लिहितो! परंतु पाहुणे आले, ताप आला, लग्न निघाले, अशा कारणांनी नऊ सत्रे बुडाली की 5,400 रुपये जातात व 37,800 उरतात. मे महिन्यात लोक गावी जातात आणि डिसेंबरात नाताळ व सहली असतात. या दोन महिन्यांत निम्मेच काम होईल असे धरले, तर वर्षाची जमा 4,15,800 रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी 34,650 होते. प्रवास, फोन, साहित्य, विमा आणि पुढील शिक्षण यांसाठी महिन्याला 6,500 वजा केले की हाती 28,150 रुपये राहतात. नोकरीच्या पगाराशी तुलना करायची ती या आकड्याची. शिवाय येथे भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, आणि पाय मुरगळला की कमाई बंद.

वेळेचा हिशेब याहून कठोर आहे. लोकांना व्यायामासाठी वेळ असतो तो पहाटे व संध्याकाळी. वसईहून बोरिवली, अंधेरी किंवा वांद्र्यास जाऊन शिकवायचे, तर एका तासाच्या सत्रामागे सहज दोन तास जातात. दुपार रिकामी आणि दिवसाची दोन्ही टोके बांधलेली, अशी ही दिनचर्या आहे. म्हणून सत्रे एकाच परिसरात, शक्य तर एकाच इमारतीत मिळविण्याचा प्रयत्न करावा. चार ठिकाणच्या चार व्यक्तींपेक्षा एका इमारतीतील तीन व्यक्ती अधिक लाभदायक ठरतात.

कर्जाच्या बाबतीत घाई नको. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटाखाली 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते आणि साहित्यासाठी ते पुरेसे आहे. सूक्ष्म उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी 2020 पासून आधार क्रमांकावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र मात्र पहिल्या वर्षापासून भरावे. पुढे जागा घ्यायची वेळ येईल, तेव्हा तेच उपयोगी पडते. यंत्रे घेऊन जागा थाटण्याचा विचार गिऱ्हाईक आधीच हाताशी असेल तेव्हाच करावा. 1918 साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी वसईत सहकारी पतसंस्थेचे रोपटे लावले. त्याचाच आज बसीन कॅथॉलिक बँकेच्या रूपाने वृक्ष झाला आहे. आपल्या माणसांनी सावकाराच्या पाशात सापडू नये, काटकसरीने वर यावे, ही त्या पिढीची शिकवण व्यवसायाचे नाव बदलले म्हणून जुनी होत नाही.

व्यवहार लेखी असावा. महिन्याची फी आगाऊ घ्यावी, पण वर्षाची घेऊ नये. एकरकमी घेतलेले पैसे खर्च होऊन जातात आणि परत करण्याची वेळ आली की भांडण होते. सत्र रद्द करायचे असल्यास किती तास आधी कळवावे, आजारपणात पैसे कसे वळते करावेत, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. ओळखीच्या माणसाबरोबर असे कसे करायचे, असा संकोच आपल्याकडे फार आहे. परंतु ओळखीचे नाते टिकावे यासाठीच हा कागद असतो.

तीन मोह

या व्यवसायात तीन मोह ठायीठायी भेटतात. त्यांविषयी पालक व तरुण दोघांनीही सावध असावे.

पहिला मोह पावडरींच्या दलालीचा. प्रथिनांचे डबे विकल्यास विक्रेता प्रशिक्षकाला हिस्सा देतो. मग ज्याला डाळ, अंडी, मासळी पुरेशी आहे, त्यालाही डबा घ्यायला लावले जाते. ज्याच्या सल्ल्यावर आपला विश्वास आहे, त्याला त्या सल्ल्याचे कमिशन मिळते आहे, हे कळले की तो विश्वास पुन्हा बसत नाही.

दुसरा मोह याहून भयंकर आहे. शरीर झटपट फुगावे म्हणून स्टिरॉइडची व रक्तदाब चढविणारी इंजेक्शने काही व्यायामशाळांतून हातोहात दिली जातात. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांनी हृदय, यकृत व प्रजननशक्ती यांची हानी होऊ शकते. असे इंजेक्शन देणारा प्रशिक्षक हा प्रशिक्षक नव्हेच. आपल्या मुलांना हे ठामपणे सांगावे, आणि मुलगा दोन महिन्यांत अचानक फुगलेला दिसला तर कौतुक करण्याआधी चौकशी करावी.

तिसरा मोह मर्यादा ओलांडण्याचा. प्रशिक्षकाने रोगनिदान करू नये, गोळी बंद करायला सांगू नये. व्यायाम दाखविताना स्पर्श करावा लागला तर आधी विचारावे, आणि शब्दांनी भागत असेल तर स्पर्श करूच नये. अल्पवयीन मुलामुलींना शिकविताना पालक वा अन्य प्रौढ व्यक्ती नजरेच्या टप्प्यात असावी. परक्या घरी जाणाऱ्या आपल्या मुलींनीही पहिल्या भेटीस कुणाला तरी सोबत न्यावे, पत्ता घरी ठेवून जावे. दक्षतेचे हे नियम संशयापोटी केलेले नाहीत. दोन्ही बाजूंच्या सन्मानासाठी ते आहेत.

श्रद्धेच्या प्रकाशात

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांस लिहितात. त्याच पत्रात त्यांनी धावपटूच्या शिस्तीचा दाखला दिला आहे. स्वतः संत पौल तंबू शिवून आपल्या कष्टाची भाकर खात होते, हेही येथे आठवावे. पोप जॉन पॉल दुसरे हे पोहणारे, बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणारे आणि डोंगर चढणारे होते. कामाची थोरवी ते करणाऱ्या माणसामुळे असते, कामाच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे, हा विचार त्यांनी 1981 च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात मांडला. 1 जून 2018 रोजी व्हॅटिकनने खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवजही प्रसिद्ध केला. शरीर आणि आत्मा मिळून मनुष्य पूर्ण होतो, हीच ख्रिस्तसभेची धारणा त्यामागे आहे.

मात्र मंदिराची काळजी घेता घेता मंदिराचीच पूजा सुरू होऊ नये. आरशासमोरचा वेळ वाढत गेला आणि घरच्यांसाठीचा कमी होत गेला, तर काही तरी चुकते आहे हे ओळखावे. रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक मिळेल, पण पवित्र मिस्सा आणि कुटुंबाबरोबरचे जेवण यांची भरपाई त्या पैशांनी होत नाही. दुसऱ्याला विश्रांतीचे महत्त्व सांगणाऱ्याने स्वतः ती घेतली नाही, तर त्याचे कोण ऐकणार?

धर्मग्रामांनाही येथे करण्याजोगे काही आहे. आठवड्यातून एक सकाळ सभागृह ज्येष्ठांच्या व्यायामासाठी खुले केले आणि धर्मग्रामातील प्रशिक्षित तरुणाने तेथे तासभर विनामूल्य शिकविले, तर ज्येष्ठांची सोय होईल, त्या तरुणाची पारख होईल आणि त्याचे नावही होईल. जाहिरातीचे फलक लावून जे साधत नाही, ते अशा एका तासाने साधते.

त्या मातेला आम्ही आता उत्तर देऊ शकतो. बाई, मुलाला अडवू नका, पण त्याला चार प्रश्न विचारा. तू शिकलास काय? तुझा हिशेब कुठे आहे? तुला कशाला नाही म्हणता येईल? आणि तुझ्या हाती मी माझे गुडघे सोपवू का? शेवटच्या प्रश्नावर तो ओशाळला नाही, उलट वही काढून "आई, आधी तुझा रक्तदाब बघू" असे म्हणाला, तर निश्चिंत राहा. बँकेत न मिळणारे भांडवल त्याच्यापाशी आहे. त्याच्या कष्टांना प्रभूचा आशीर्वाद लाभो, हीच आमची प्रार्थना.